नऊ पासांची यादी आणि उरलेले दोन दिवस

प्रश्न : गेले चार महिने मी आठवड्यातून तीन दिवस सायकलने कामावर जाते. एका बाजूने नऊ किलोमीटर. उरलेले दोन दिवस सुटायला उशीर होतो आणि अंधारात सायकल चालवायची भीती वाटते, म्हणून बस. पाऊस असला की सायकलचा आणखी एखादा दिवस बुडतो. बसचा मासिक पास चालूच ठेवला आहे. आता सायकलला हवं ते सगळं सामान एकदाच घेऊन टाकावं असं मनात आहे. हिशोब सोपा जावा म्हणून एका महिन्याचा पास हे माप धरते. डायनॅमोचं चाक आणि त्यावरचे दिवे मिळून तीन पास, कॅरिअर आणि वॉटरप्रूफ बॅगांची जोडी दोन पास, बूट अडकवायचे क्लिपचे पॅडल आणि त्यांचे बूट दीड, चामड्याची सीट सव्वा, यू-लॉक म्हणजे यू आकाराचं पोलादी कुलूप पाऊण, स्पीडोमीटर अर्धा. एकूण नऊ पास. दुकानदार बारा बिनव्याजी हप्ते देतो आहे. नाहीतर अडीअडचणीच्या पैशातून घेईन. तिथे दोन महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम आहे. हेल्मेट मैत्रिणीने दिलं. ती एकदा पडली होती, पण हेल्मेटवर काही दिसत नाही. सायकल दिवसभर ऑफिसबाहेर उघड्यावर असते, सध्या वायरचं कुलूप आहे. नऊ महिन्यांत पैसे वसूल होतील ना?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा आकड्यांसाठी आणि एकदा यादीत काय नाही ते बघण्यासाठी.

आधी आकडे. नऊ महिन्यांचा पास वाचेल, म्हणून नऊ महिन्यांत खर्च निघेल, असं तुम्ही धरलंय. पण पास तुम्ही अजून काढताय. म्हणजे चार महिने सायकल चालवून प्रवासखर्चात आजवर एक पैसाही वाचलेला नाही. तब्येतीला फायदा झाला असेल, सकाळी डोकं ताजं राहत असेल, आणि त्याचं मोल मोठं आहे. पण ज्या बचतीतून हप्ते फेडायचे ती बचत अजून जन्मालाच आलेली नाही. पास बंद करून उरलेल्या दोन दिवसांची सुटी तिकिटं काढली, तर त्याला किती लागतील ते बघा. सुटं तिकीट पासाच्या हिशोबात महाग पडतं, तेव्हा आठवड्याच्या दोन दिवसांना अर्ध्या पासाइतके जातील असं मी धरतो. मग महिन्याला वाचला अर्धा पास आणि वसुली गेली अठरा महिन्यांवर. त्यातून सायकलचाही खर्च असतोच. टायर, ब्रेकचे रबर, चेन, तेल यांसाठी मी दर महिन्याला पासाच्या दहाव्या भागाइतकी रक्कम बाजूला काढायला सांगतो. ती वजा केली की साडेबावीस महिने.

तेव्हा सामान किती दिवस टिकेल यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही, की कोणती वस्तू तुम्हाला चौथ्या दिवशी सायकलवर बसवेल? चार दिवस सायकल झाली की एकाच दिवसाचं तिकीट उरतं, म्हणजे पाव पास. पाऊण वाचला, देखभालीचा दहावा भाग गेला, हातात ०.६५ पास राहिला. तुमची संपूर्ण कमाई त्या उरलेल्या दोन दिवसांत अडकलेली आहे. आणि सायकलचे दिवस का बुडतात ते तुम्हीच लिहिलंय: अंधार आणि पाऊस.

आता यादीकडे बघा. नऊ पासांच्या यादीत मडगार्ड नाहीत. पावसाचा केप नाही. दिवे आहेत, पण सगळ्यात महागड्या वाटेने आलेले.

डायनॅमोच्या चाकाबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढच्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, वीज तयार होते, साधारण ६ व्होल्ट आणि ३ वॅट, आणि एवढ्यात आजचे एलईडी दिवे उत्तम चालतात. चार्जिंग विसरलं अशी भानगड नाही, दिवा सायकलला बोल्टने बसवलेला असल्यामुळे कुणी सहज काढून नेत नाही. पण हा हब बसवायचा म्हणजे पुढचं चाक नवं घ्यायचं किंवा जुनी रिम सोडवून स्पोक पुन्हा विणायचे. तुमचं चाक चांगलं आहे. वर्षभर रोज अंधारात जाणारं कुणी असेल तर मी हो म्हणेन. तुम्ही अजून एकदाही अंधारात गेलेला नाहीत. भीती जाते की नाही हे बघायला तीन पास फार झाले. पुढे रिम झिजून चाक बदलायची वेळ येईल तेव्हा हा विषय नक्की काढा. चाकाचा खर्च तेव्हा तसाही होणारच असेल.

आज चार्जिंगचे दोन दिवे घ्या, अर्ध्या पासात चांगले येतात. पुढच्या दिव्यात लुमेनचा, म्हणजे एकूण उजेडाच्या मापाचा, मोठा आकडा शोधू नका, प्रकाश कुठे पडतो ते बघा. जर्मनीच्या वाहतूक नियमांत बसणाऱ्या सायकल-दिव्यांचा झोत वरून कापलेला असतो. उजेड रस्त्यावर पडतो, समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. तसा मिळाला तर उत्तम. साधा घेतलात तर झोत खाली वळवून ठेवा, आणि लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवा, म्हणजे समोरच्याला तुमचं अंतर कळतं. दिव्याच्या खोक्यावर आयपीएक्स४ लिहिलं असेल तर सगळ्या बाजूंनी उडणारं पाणी तो सोसतो.

मागच्या दिव्याचं माझ्यावर गुदरलेलं सांगतो. माझा दिवा रबरी पट्ट्याने सीटच्या दांड्याला बांधलेला होता. पावसाळ्यात मी केप घालून निघायचो आणि दिवा लावलाय म्हणून निर्धास्त असायचो. एका संध्याकाळी सीटवर बसूनच एक पाय टेकवून थांबलो होतो, मागून एक सहकारी चालत आला आणि म्हणाला, तुमचा दिवा बंद आहे. बंद नव्हता. केपची मागची कड बरोबर त्याच्यावर लोंबत होती, आतल्या आत कापड लालसर दिसत होतं तेवढंच. कितीतरी दिवस मी मागून अंधारातच जात होतो. तेव्हापासून माझा मागचा दिवा मडगार्डवर आहे, खाली, कापडाच्या आवाक्याबाहेर. तुम्हीही केप घालून सीटवर बसा आणि कुणाला तरी वीस पावलं मागे उभं करून विचारा. शिवाय घोट्याला चमकणाऱ्या पट्ट्या बांधा. पॅडलबरोबर त्या वरखाली होतात आणि मागच्या चालकाला पुढे माणूस सायकल चालवतोय हे पटकन उमगतं. सगळ्या सामानात इतक्या कमी पैशांत एवढा उपयोग दुसऱ्या कशाचा नाही.

मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या, दोन्ही चाकांना. सीटखाली अडकवायची छोटी पट्टी फक्त पाठ वाचवते. पाऊस थांबल्यावरही रस्ता तासभर ओला असतो, आणि बूट, पँटचे पाय, चेन यांच्यावर येणारा चिखल पुढच्या चाकाचा असतो. पुढचा मडगार्ड बहुतेक वेळा तिथेच कमी पडतो, त्याचं खालचं टोक जमिनीपासून वीतभर तरी वर राहतं. मी तेलाच्या रिकाम्या प्लास्टिक कॅनमधून तळहाताएवढा तुकडा कात्रीने कापला, दोन भोकं पाडली आणि दोन स्क्रूंनी त्या टोकाला लावला. बूट कोरडे राहायला लागले. खर्च दोन स्क्रूंचा. एक मात्र करा, घेण्याआधी फ्रेमला मडगार्डची भोकं आहेत का आणि टायर व ब्रेक यांच्यात जागा आहे का ते दुकानात सायकल नेऊनच बघा.

हेल्मेटचं स्पष्ट सांगतो, ते वापरू नका. आतला पांढरा फोम एकदाच दाबला जाण्यासाठी असतो. धक्का बसताना तो चिरडतो आणि डोक्याला लागणारा मार स्वतः घेतो, पण पुन्हा फुगून जागेवर येत नाही. वरचं कवच मात्र नवंच दिसतं. मैत्रिणीच्या हेल्मेटने आपलं काम केलंय. पाव-अर्ध्या पासात मान्यताप्राप्त मानकाचं, युरोपचं ईएन १०७८ किंवा अमेरिकेचं सीपीएससी अशी खूण असलेलं, मिळतं. महागड्या हेल्मेटमध्ये जास्त पैसे बरेचदा हलकेपणाला आणि हवेच्या खाचांना असतात. डोक्याला घट्ट बसणं आधी. हा खर्च वसुलीच्या हिशोबात धरूच नका, तो करायचाच आहे.

यादीतली एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे, यू-लॉक. नऊ तास उघड्यावर उभ्या सायकलला वायरचं कुलूप म्हणजे लहान कटरचं काही सेकंदांचं काम. सायकल गेली तर बाकीची सगळी यादीही तिच्याबरोबर जाईल, म्हणून हे पहिल्या खरेदीत. कुलपावर सोल्ड सिक्युअर या ब्रिटिश संस्थेची श्रेणी छापलेली असेल तर निवड सोपी होते. सायकलचा विमा असेल तर पॉलिसीत कुठल्या दर्जाचं कुलूप मागितलंय तेही वाचा. शेल्डन ब्राउन नावाचे अमेरिकन मेकॅनिक सांगत असत की यू-लॉक मागच्या चाकाच्या रिममधून, फ्रेमच्या मागच्या त्रिकोणाच्या आत घालून खांबाला लावलं की चाक आणि फ्रेम दोन्ही अडकतात, कारण चाक त्या त्रिकोणातून ओढून काढता येत नाही. त्यामुळे लहान कुलूपही पुरतं. पुढचं चाक हाताने उघडणाऱ्या क्लिपचं असेल तर तिथे ॲलन कीने, म्हणजे षट्कोनी किल्लीने, उघडणारा दांडा बसवून घ्या. आणि जड कुलूप रोज वाहायची गरज नाही, ऑफिसच्या स्टँडलाच अडकवून ठेवा.

आता बेरीज करा. यू-लॉक पाऊण, दिवे अर्धा, मडगार्ड अर्धा, हेल्मेट अर्धा, केप पाव. अडीच पास. चार दिवस सायकल जमली तर ०.६५च्या दराने चार महिन्यांच्या आत निघतात. नऊ पासांच्या यादीला याच दराने चौदा महिने लागले असते, आणि मडगार्डशिवाय तो चौथा दिवस मिळालाच नसता.

हे अडीच पास पगारातून दोन महिन्यांत घ्या. हप्ते नकोत. बिनव्याजी हप्ता दिसायला गोड असतो, पण दुकानदाराला एकच विचारा, रोख दिले तर किती कमी कराल? समजा सहा टक्के म्हणाला. मग ९४ची वस्तू तुम्ही १००ला बारा हप्त्यांत घेताय, आणि त्याचं व्याज वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास पडतं. सहा नव्हे. कारण पूर्ण रक्कम तुमच्याकडे वर्षभर नसते, दर महिन्याला थोडी परत जात असते. त्यावर प्रक्रिया शुल्क असेल तर ते वेगळंच. अडीअडचणीच्या पैशालाही हात लावू नका. दोन महिन्यांचा घरखर्च मुळातच तोकडा आहे. पास बंद झाल्यावर सुटणारे पैसे सामान वसूल होईपर्यंत सामानाचे आणि नंतर त्या निधीचे, असं मी करेन.

उरलेल्या यादीचं. बॅगा चांगल्या आहेत, पाठीवरचं ओझं आणि घाम दोन्ही जातात, पण जोडी कशाला? कॅरिअर आणि एकच बॅग घ्या, वरून गुंडाळून बंद होणारी, पाचव्या महिन्यात. क्लिपचे पॅडल शहरातल्या नऊ किलोमीटरला, दर सिग्नलला पाय टेकवावा लागतो तिथे, मी घेणार नाही. स्पीडोमीटरचं काम फोन करतो.

चामड्याच्या सीटवर मात्र थोडं थांबतो. ती हौस आहे आणि हौसेला हिशोबात जागा असते, फक्त ती बचत म्हणून मांडायची नाही. ब्रूक्ससारखी कंपनी १८६६ सालची आहे, अशा सीटची निगा राखली तर ती वर्षानुवर्षं जाते. निगा म्हणजे मेण, गरजेपुरता ताण आणि पावसात आवरण. ती अंगाला बसायलाही वेळ घेते. सध्याची सीट टोचते म्हणून घेत असाल तर आधी तिची उंची आणि कोन बदलून दोन आठवडे बघा. टाच पॅडलवर ठेवली की पॅडल सगळ्यात खाली असताना पाय सरळ व्हावा, ही सुरुवात. तरी सीट हवीच वाटली तर दर महिन्याला थोडे बाजूला टाका आणि वाढदिवसाला घ्या.

तुमच्या यादीत नसलेल्या आणखी दोन वस्तू सांगतो. एक, प्रेशर दाखवणारा उभा पंप. ट्यूबमधली हवा आपोआप कमी होत जाते. कमी हवेत खड्ड्याच्या काठावर आदळलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत, आठवड्यातून एकदा हवा भरा. पंक्चरमुळे उशीर झाला की माणूस दुसऱ्या दिवशी बस धरतो, हे मी अनेकांचं पाहिलंय.

दुसरी वस्तू बहुधा घरात आहे, इंचांची स्टीलची पट्टी. चेनच्या कड्या अर्ध्या इंचाच्या, म्हणून नव्या चेनमध्ये पिनेपासून पिनेपर्यंत चोवीस कड्या बरोबर बारा इंच भरतात. महिन्यातून एका रविवारी चेन पुसून पट्टी धरा. शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा आणि चोविसावी कडी कुठे संपते ते बघा. बाराच्या पुढे इंचाचा सोळावा भाग सरकली असेल तर चेन बदला. आठवा भाग सरकेपर्यंत वाट पाहिलीत तर मागचे दातेही झिजलेले असतात आणि नवी चेन त्यांच्यावर घसरते, म्हणजे दोन्ही बदलायचे. देखभालीचा दहावा भाग मी काढायला सांगितला तो याच्यासाठी.

पास लगेच बंद करू नका. मडगार्ड आणि दिवे बसले की एक महिना डायरीत रोज लिहा: सायकल की बस, आणि बस असेल तर का. महिन्यात सोळा दिवस सायकल झाली, तर पुढचा पास काढू नका. बारा-तेराच राहिली, तर कारणाचा रकाना मला पाठवा. कदाचित अडचण दिव्याची नसून त्या रस्त्याच्या एखाद्या पट्ट्याची असेल, आणि त्याला सामानापेक्षा दुसरा रस्ता शोधावा लागेल.