'पिक' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय, 'चूज'च्या जागी चालतं का?

'पिक' म्हणजे निवडणं, आणि रोजच्या बोलण्यात ते 'चूज'च्या जागी बिनधास्त चालतं, पण त्याचा मूळ भाव बोटांनी उचलण्याचा, खुडण्याचा आहे हे धरून ठेवा म्हणजे बाकीचे अर्थ आपोआप लागतात. फुलं तोडणं, कापूस वेचणं, दात कोरणं, खिसा मारणं सगळीकडे 'पिक'च येतं, आणि 'पिक अ फाइट' म्हणजे भांडण उकरून काढणं. क्रिकेटमध्ये बॅट्समनने गुगली पिक केली म्हणजे ती बोलरच्या हातातूनच ओळखली. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेते, मुलं अडकतात ती आपल्या 'निवडणे'मुळे, कारण आपण ड्रेस निवडतो तशी मेथीही निवडतो, मग मेथीलाही नुसतं 'पिक' लावतात, पण त्याचा अर्थ होतो शेतातून मेथी तोडली. डाळ-तांदळातले खडे बघायचे असतील तर 'पिक ओव्हर' म्हणा.

फक्त अर्जात, ऑफिसच्या पत्रात 'पिक' जरा घरगुती वाटतं, तिथे 'चूज' किंवा 'सिलेक्ट' बरं. आणि 'पिक अप' वेगळं, त्यात निवडणं नाहीच, स्टेशनवरून कुणाला घेऊन येणं, फोन उचलणं असं काय काय येतं.