इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरच्या प्रेशर कुकरमध्ये) भाज्या न खाणाऱ्या मुलांसाठी आणि मोठ्यांसाठी एकच स्वयंपाक कसा करावा?

दोन वेगळे स्वयंपाक करूच नका. एकच करा, फक्त तिखट शेवटी घाला.

आमच्याकडे हमखास चालते ती पावभाजी. ‘सॉटे’ म्हणजे परतण्याच्या बटणावर लोण्यात कांदा-टोमॅटो परता, मग बटाटा, फ्लॉवर, मटार, गाजर आणि सोललेला दुधी. बीटची एकच चकती टाका. रंग असा येतो की दुधी कुणाला दिसतच नाही. एक कप पाणी घालून उलथन्याने तळ नीट खरवडा. मसाला चिकटून राहिला की ‘बर्न’ दाखवून यंत्र थांबतं. प्रेशरवर 7-8 मिनिटं पुरतात. वाफ गेल्यावर मीठ आणि थोडा पावभाजी मसाला घालून घोटा, मुलांची भाजी काढून घ्या आणि उरलेल्यात लसूण-मिरचीचा ठेचा परता.

रोजच्यासाठी वरण-भात एकदमच. खाली भिजवलेली तूरडाळ, हळद, हिंग, पाणी. वर स्टँडवर तांदळाचा डबा. 10 मिनिटं प्रेशर, मग 10 मिनिटं हात लावू नका, वाफ आपोआप उतरू द्या. डाळ असताना लगेच वाफ सोडली तर झडपेतून पिवळा फेस ओट्यावर उडतो. मुलांना साधं वरण, तूप, लिंबू. आपल्याला वरून फोडणी.

झाकणाची सिलिकॉन रिंग मात्र दोन ठेवा. हिंग-लसणाचा वास तिच्यात मुरतो, आणि खिरीला तो वास आला की नाक मुरडणारी पोरं वाटीला हातही लावत नाहीत.