गॅसचे हक्क विकायला निघालात? हेन्सव्हिलच्या मालकांचे प्रश्न

लुइझियानाचा वायव्य कोपरा आणि त्याला लागलेला पूर्व टेक्सास, हा हेन्सव्हिल शेलचा, म्हणजे गॅस साठलेल्या खडकाचा, पट्टा. गॅस इथे १०,५०० ते १३,५०० फूट खोल आहे आणि तो खासगी मालकीचा असतो. जमीन ठेवून नुसता तो विकताही येतो. सातबारा बघत वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागतो.

प्रश्न : टेक्सासच्या हॅरिसन काउंटीत आमचे १० एकरांचे मिनरल राइट्स (जमिनीखालच्या गॅसचे हक्क) आहेत, कंपनीला दिलेल्या लीजमध्ये २५ टक्के रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला वाटा. नव्या विहिरीचा पहिला चेक घसघशीत आला. पाठोपाठ एका खरेदीदाराचं पत्र, सोबत ड्राफ्ट आणि सहीचा कागद. ड्राफ्ट बँकेत भरू का?

थांबा. आधी तो कागद वाचा. लीज असेल तर मालकी तुमचीच राहते. ‘मिनरल डीड’ असेल तर सही केली की मालकी गेली, आणि टेक्सासमध्ये ती कायमची जाते. शिवाय ड्राफ्ट म्हणजे चेक नव्हे. खरेदीदार तुमची कागदपत्रं तपासतो आणि पटलं तरच पैसे सोडतो. मुदत बहुधा महिनाभराची, आणि तेवढ्यात गॅसचा भाव पडला तर ‘टायटलमध्ये (मालकीच्या कागदांत) अडचण आहे’ म्हणत रक्कम कमी करून मागणारेही भेटतात. विकायचंच ठरलं तर सही केलेलं डीड वकिलाकडे किंवा टायटल कंपनीकडे एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यात, ठेवा. पैसे खात्यात आल्यावरच ते काउंटीत नोंदवलं जाईल, एवढं बघा.

आता किंमत. युनिट, म्हणजे गॅसच्या वाटणीसाठी एकत्र धरलेल्या जमिनींचा गट, ६४० एकरांचं धरलं तर तुमचा वाटा १० भागिले ६४०, गुणिले ०.२५, म्हणजे ०.००३९०६२५. डिव्हिजन ऑर्डरवर, म्हणजे तुमचा वाटा लिहिलेल्या कंपनीच्या कागदावर, असाच दशांश असतो, तो स्वतः पडताळा. पहिल्या चेकला बाराने गुणून वर्षाची मिळकत काढू नका. खोलवर दाब प्रचंड, त्यामुळे विहीर सुरुवातीला धो धो वाहते आणि पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याहून खाली येतं. पण उलटी बाजूही आहे: त्याच युनिटमध्ये आणखी विहिरी व्हायच्या असतील, तर नुसत्या चालू विहिरीवर बेतलेली ऑफर कमीच असणार. म्हणून खरेदीदाराला एकच विचारा, ‘पुढच्या किती विहिरी धरल्यात?’ उत्तर देताना तो अडखळला, तर दुसऱ्या दोघांकडून भाव मागवा.

हेन्री हबचा दर, म्हणजे अमेरिकेतला गॅसचा प्रमाण भाव, २०२० आणि २०२४ मध्ये दहा लाख बीटीयूला (उष्णतेचं माप) सरासरी दोन डॉलरच्या आसपास होता, २०२२ मध्ये सहाच्या वर. इतक्या खोल विहिरींचा खर्च मोठा, म्हणून दर पडला की इथल्या रिग (खोदाईची यंत्रं) आधी थांबतात आणि ऑफरही आटतात. गरज नसेल तर अशा काळात विकू नये, असं माझं मत.

प्रश्न : लुइझियानाच्या डीसोटो पॅरिशमध्ये (तिथला जिल्हा) २०१३ साली जमीन घेतली. विकणाऱ्याने मिनरल राइट्स स्वतःकडे राखले होते. आता ते विकत घ्यायला मलाच पत्रं येतात. चूक झाली असेल का?

नसेलही. लुइझियानाचा कायदा टेक्सासपेक्षा अगदी वेगळा आहे. तिथे राखून ठेवलेला हक्क म्हणजे ‘सर्व्हिट्यूड’, आणि तो सलग १० वर्षं वापरला नाही तर संपतो. गॅस जमीनमालकाकडे येतो. मधल्या काळात तुमच्या जमिनीवर प्रामाणिकपणे विहीर खोदली गेली असेल, ती कोरडी निघाली तरी, मोजणी नव्याने सुरू होते. खरी मेख युनिटची आहे. विहीर शेजारच्या जमिनीवर असेल आणि तुमचा थोडाच भाग त्या युनिटमध्ये येत असेल, तर तेवढ्याच भागापुरता जुना हक्क टिकतो, उरलेला तुमचा. पॅरिशच्या क्लार्क ऑफ कोर्टकडचे दस्त आणि राज्याच्या सोन्रिस संकेतस्थळावरच्या विहिरींच्या नोंदी एकमेकांशी ताडून बघा. वकिलाचं लेखी मत हातात येईपर्यंत काहीही विकू नका; जे आपलं नाही ते विकलं, तर कागदात दिलेली मालकीची हमी अंगाशी येते.

प्रश्न : मी पुण्यात राहते, भारतीय नागरिक आहे. बाबा अमेरिकन नागरिक होते. त्यांचे टेक्सासमधले रॉयल्टी हक्क आता माझ्याकडे आले आहेत. विकले तर कर किती?

अमेरिका या हक्कांना स्थावर मालमत्ता मानते. विकणारा परदेशी असेल तर खरेदीदाराला साधारणपणे नफ्यावर नव्हे, पूर्ण किमतीवर १५ टक्के कापून तिथल्या कर खात्यात भरावे लागतात. तुमचा खरा कर बहुधा बराच कमी असेल, कारण वारशात मूळ किंमत बाबांच्या मृत्यूच्या दिवशीची धरतात. व्यवहार पूर्ण व्हायच्या आत कपात कमी करण्याचा अर्ज करता येतो. त्यासाठी आयटीआयएन, म्हणजे परदेशी माणसांना मिळणारा अमेरिकी कर क्रमांक, आजच मागा, तो वेळ खातो.

खरा फटका भारतात बसू शकतो. इथे मूळ किंमत बाबांच्या खरेदीची धरतात, मृत्यूच्या दिवशीची नाही. म्हणजे अमेरिकेत जवळजवळ शून्य नफा आणि पुण्यात भला मोठा. तिकडे कर कमी भरला की इकडे वजावटही कमी. दोन्हीकडच्या सीएंना एकाच फोनवर बसवा, मग भावाचं बोला.

प्रश्न : सगळंच विकावं लागतं का?

नाही. निम्मे विका, निम्मे ठेवा. मीही तसंच केलं होतं.