बीएला इतिहास आहे. ओपन इलेक्टिव्ह म्हणून मटेरियल सायन्स घ्यावं का? झेपेल का?

घ्या. बिनधास्त घ्या.

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की एस.वाय.बी.ए.ला इतिहास आहे, ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या शाखेतलंच घ्यावं लागणार आहे, कॉलेजच्या यादीत ‘मटेरियल सायन्सची ओळख’ (म्हणजे पदार्थांची रचना आणि गुण यांचं शास्त्र) दिसतंय, गणित दहावीला सुटलं ते सुटलंच, आणि घरचे म्हणतायत की आर्ट्सच्या मुलीने असलं घेऊन करायचं काय. झेपेल का आणि मार्क पडतील का, हे तुमचे दोन प्रश्न. त्यांच्याकडे येते. पण आधी घरच्यांच्या त्या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण तेच वाक्य मी माझ्या घरात वर्षानुवर्षं ऐकलंय.

मीही इतिहासातलीच. बीए झाल्यावर पुरातत्त्वात एमए करत होते. उत्खननात सापडलेल्या तांब्याच्या वस्तूंवर काम करायचं मनात होतं, पण धातूंच्या तपासणीचे अहवाल वाचायला घेतले की दुसऱ्याच पानावर अडायचे. ग्रेन, ॲनीलिंग, कोल्ड वर्क, ट्विन्स. कोशातला अर्थ सापडायचा, वाक्य काही लागायचं नाही. म्हणून पुण्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जीच्या, म्हणजे धातुशास्त्राच्या, दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर हा सुरुवातीचा पेपर ऐकायला बसण्याची परवानगी मागितली. त्यासाठी बरेच खेटे घातले. एकांनी तोंडावर सांगितलं, “लेक्चरला बसा हवं तर. प्रॅक्टिकल नाही. आर्ट्सच्या मुलांच्या हातात आम्ही ॲसिड देत नाही.” शिकवणारे सर मात्र भला माणूस. त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर मला एका बॅचमध्ये घेतलं. ते प्रॅक्टिकल मिळालं नसतं तर त्या सेमिस्टरमधलं आज माझ्याकडे काहीही उरलं नसतं, हे मी छातीठोकपणे सांगते.

माझं आजोळ कसब्यातल्या तांबट आळीतलं. मोठ्या मामांचं आयुष्य बंब, हंडे, घंगाळी घडवण्यात गेलं. लॅबमध्ये सगळ्यांना माइल्ड स्टीलचे तुकडे देत असत. मी सरांना विचारून मामांच्या दुकानातल्या एका मोडीत निघालेल्या घंगाळाच्या काठाचा तुकडा घेऊन गेले.

त्या तुकड्यावर काम कसं केलं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हाला झेपेल की नाही याचं खरं उत्तर त्यातच आहे. तुकडा आधी रेझिनच्या ठोकळ्यात पक्का बसवायचा. मग एमरी पेपर, आधी खरखरीत, मग बारीक, मग आणखी बारीक. एका पेपरवर एकाच दिशेने घासायचं, पुढच्या पेपरवर नव्वद अंशात वळवून घासायचं, आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. लॅब असिस्टंट काका प्रत्येकाचा तुकडा खिडकीपाशी नेऊन तिरपा धरून बघायचे आणि एक जरी आडवा ओरखडा दिसला तरी मागच्या पेपरवर परत पाठवायचे. शेवटी फिरत्या चकतीवरच्या कापडावर ॲल्युमिनाची पूड आणि पाणी. तेव्हा कुठे त्यात आपला चेहरा दिसायला लागतो. गंमत अशी की अशा चकचकीत तांब्यात मायक्रोस्कोपखाली जवळजवळ काहीच दिसत नाही. फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवलेला कापसाचा बोळा काही सेकंद फिरवला, लगेच नळाखाली धरला, स्पिरिट मारून गरम हवेने वाळवला, आणि परत मायक्रोस्कोपखाली ठेवला, की सगळं उघडं पडतं. आम्ल सगळीकडे सारखं खात नाही. धातू बारीक बारीक स्फटिकांचा बनलेला असतो, त्यांनाच ग्रेन किंवा कण म्हणतात. या कणांच्या सीमा जास्त खाल्ल्या जातात, म्हणून त्या काळ्या रेघांनी उठून दिसतात.

माझ्या तुकड्यात तांब्याचे कण दिसले आणि बऱ्याच कणांमध्ये सरळ कडांचे समांतर पट्टे. हेच ते ट्विन्स. तांबं ठोकलं आणि मग तापवलं की आत नवे कण तयार होतात, आणि ते वाढताना असे पट्टे पडतात. नुसत्या ओतीव तांब्यात ते असे मिळत नाहीत. सरांनी विचारलं, “आणखी काय दिसतंय?” मी पुन्हा बघितलं. पृष्ठभागालगतचे पट्टे सरळ नव्हते, वाकलेले होते. म्हटलं, “सर, शेवटचं तापवून झाल्यावर हे पुन्हा गार असताना ठोकलंय.” सर म्हणाले, “बरोबर. आणि ते का?” मेटलर्जीची मुलं गप्प होती. मला उत्तर माहीत होतं, कारण मी मामांना आयुष्यभर तेच करताना बघितलं होतं. भांडं घडवून झालं की सर्वांत शेवटी मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने शेजारी शेजारी एकसारखे ठोके देत जायचं. त्याने चकाकी येते हे गिऱ्हाइकाला दिसतं, पण पत्रा ताठ होतो, भांडं दबत नाही, हे कारागिराला माहीत असतं. मामा म्हणायचे, ठोकताना आवाज बदलला की हात थांबवायचा आणि भांडं भट्टीत घालायचं, नाहीतर काठाला चीर जाते.

आवाज बदलतो म्हणजे आत काय होतं, हे त्या कोर्सने मला सांगितलं. अणूंची एक अख्खी पातळी दुसऱ्यावरून एकदम सरकवायची तर किती जोर लागेल, याचा हिशोब फ्रेंकेलने १९२६ मध्ये मांडला होता. खरे धातू त्याच्या कितीतरी पट कमी जोराला वाकतात, हजारपटीचा फरक पडतो. उलगडा १९३४ मध्ये झाला, टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी स्वतंत्रपणे केला: स्फटिकात रचनेचे दोष असतात, डिस्लोकेशन्स, आणि अख्खी पातळी न सरकता तो दोष तेवढा पुढे सरकत जातो. मोठी सतरंजी ओढून हलत नाही, पण तिला एका टोकाला वळी पाडून ती वळी पुढे ढकलत नेली की सतरंजी सरकते, तसं. ठोकत राहिलं की अशा दोषांची गर्दी होते, ते एकमेकांत अडकतात आणि धातू कडक होतो. तापवल्यावर नवे कण येतात, गर्दी मोडते, धातू पुन्हा मऊ पडतो. कडकपणा मोजायची व्हिकर्स नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यावर मऊ तांबं साधारण ५० ला येतं, चांगलं ठोकलेलं तांबं १०० च्या पलीकडे जातं. मिश्रण बदललेलं नाही, रासायनिक पृथक्करण केलं तर दोन्ही तुकडे सारखेच निघतील. फरक सगळा रचनेत. माझ्या मते या विषयाचा गाभा एवढाच आहे: पदार्थावर काय प्रक्रिया झाली त्यावरून त्याची रचना ठरते आणि रचनेवरून गुण ठरतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तर हे उलट्या बाजूने वाचता यायला हवं. समोर वस्तू आहे, रचना दिसतेय, तर तिच्यावर कोणी काय केलं?

आता घरच्यांचं. माझा चुलतभाऊ मेकॅनिकल इंजिनिअर आहे. त्या दिवाळीत फराळाला सगळे जमले असताना मी कौतुकाने त्या तुकड्याचे फोटो दाखवले. तो म्हणाला, “फोटो बघणं म्हणजे सायन्स नव्हे. फेज डायग्राम समजतो का तुला? गणिताशिवाय हे सगळं गोष्टी सांगण्यासारखं आहे. आर्ट्सवाल्यांना गोष्टीरूपच शिकवावं, त्यांना पुरतं तेवढं.” मोठ्यांपैकी कोणी काही बोललं नाही. मी तिथेच कागद घेतला. शिसं आणि कथील, डाग देण्याचा मिश्रधातू, हे त्या पेपरातलं नेहमीचं उदाहरण. कथील ४० टक्के, तापमान १५० अंश. फेज डायग्राम म्हणजे कोणत्या तापमानाला, किती मिश्रणात, धातूचे कोणते भाग असतात ते दाखवणारी आकृती. तिच्यावर त्या तापमानाला आडवी रेघ मारली की एका टोकाला सुमारे ११ टक्के कथील असलेला शिशाचा भाग येतो, दुसऱ्या टोकाला सुमारे ९९ टक्के कथील असलेला भाग. पहिला भाग किती? ९९ वजा ४० म्हणजे ५९. ९९ वजा ११ म्हणजे ८८. ५९ भागिले ८८, म्हणजे ६७ टक्के. उरलेला ३३ टक्के दुसरा. याला लेव्हर रूल म्हणतात आणि हे त्रैराशिक आहे. आमची आजी हे तोंडी करायची. भाऊ म्हणाला, हे सोपं उदाहरण झालं. सुरुवातीच्या कोर्सला सोपंच उदाहरण असतं! पुढची अवघड उदाहरणं इंजिनिअरिंगच्या मुलांनाही पुढच्याच वर्षी येतात.

हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही, आणि मी माझ्या बाजूवरून हललेले नाही. आर्ट्सच्या मुलांसाठी विषय पातळ करणं हा त्यांचा अपमान आहे. आकृती काढून टाकायच्या, आकडे काढून टाकायचे, प्रॅक्टिकल काढून टाकायचं, आणि ‘नॅनो’ आणि ‘स्मार्ट मटेरियल्स’ची चित्रं दाखवायची. त्यात शिकण्यासारखं काही राहत नाही, आणि वर मुलांनाच म्हणायचं की तुम्हाला सायन्सची आवड नाही.

उपयोग काय म्हणतात ना घरचे, तर त्यांना दायमाबाद सांगा. १९७४ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठी, एका शेतकऱ्याला खोदताना तांब्या-काशाच्या चार मूर्ती सापडल्या: बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. वजन सगळ्यांचं मिळून साठ किलोच्या वर. त्या शास्त्रीय उत्खननात, थराथरांतून मिळालेल्या नव्हत्या, म्हणून काळ कोणता यावर वाद झाला. बऱ्याच पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. शंका घेणाऱ्यांचा एक मुद्दा धातूतल्या आर्सेनिकचा होता, ते एक टक्क्याच्या वर निघालं होतं, आणि ताम्रपाषाणयुगातल्या इतर वस्तूंत असं आर्सेनिक मिसळलेलं आढळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला मिश्रधातू म्हणजे काय हेच कळत नाही, तो या वादात कोणाच्या बाजूला उभा राहणार? जो मोठा आवाज करेल त्याच्या. तुमच्या अभ्यासक्रमातली अश्मयुग, ताम्रपाषाणयुग, लोहयुग ही वाटणीसुद्धा पदार्थांवरूनच केलेली आहे.

झेपेल का? झेपेल. गणितातलं लागतं ते असं: टक्केवारी, त्रैराशिक, आलेखाचा चढ, दहाचे घात आणि लॉग. लॉग नव्याने शिकावा लागेल, पण थोडे दिवस रोज संध्याकाळी बसलात की हातात येतो. तो डिफ्यूजनच्या, म्हणजे अणू एका पदार्थातून दुसऱ्यात कसे झिरपतात त्याच्या, धड्याला लागतो, आणि आपल्यासारखे बहुतेक तिथेच घसरतात. रसायनशास्त्रातलं आवर्तसारणी आणि बंधांचे प्रकार एवढं वाचून जा. मिलर इंडायसेस, म्हणजे स्फटिकातल्या पातळ्यांना दिलेले आकडे, सुरुवातीला डोक्याला ताप देतात. कागदावर घन काढत बसू नका, खोडरबर किंवा काड्यापेटी हातात घ्या आणि पेनाने त्यावर पातळ्या आखा. इंग्रजी लेक्चर चालत असतील तर एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सेसची साइट) आयआयटी दिल्लीच्या प्रा. राजेश प्रसाद यांचा याच विषयाचा कोर्स फुकट आहे. सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी पहिले काही भाग बघून ठेवा.

दोन-तीन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. मला सर चांगले मिळाले, सगळ्यांना मिळतील असं नाही. नाव एकच असलं तरी कोर्स वेगळा असू शकतो: फिजिक्स विभाग शिकवत असेल तर सेमीकंडक्टर आणि पातळ थरांवर भर येईल, धातू कमी असतील, आणि मी वर लिहिलेलं बरंचसं त्यात नसेल. म्हणून नाव बघून फॉर्म भरू नका, सिलॅबस मागून घ्या. प्रॅक्टिकल नसेल तर मी तो कोर्स घेणार नाही. तुमच्या कॉलेजात ओपन इलेक्टिव्ह फक्त थिअरीचंच असेल, तर निदान दोन वेळा लॅब दाखवा आणि एक तुकडा पॉलिश करू द्या, असा लेखी अर्ज चार-पाच जणींनी मिळून द्या. तोंडी विचारलंत की तोंडीच नाही म्हणतात. आणि आम्लाला हात लावताना हातमोजे, चष्मा. यात हयगय नको, कारण तुमच्या हातून काही सांडलं की ‘आर्ट्सवाल्यांना देऊ नका’ म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळतं.

मार्कांचं म्हणाल तर परीक्षेत आकृती नीट काढून, अक्षांवर एककं लिहून, नावं दिली की मार्क पडतात. आपण इतिहासवाले लांबलचक लिहितो, ते इथे चालत नाही. इंटर्नलला जर्नल महत्त्वाचं. मायक्रोस्कोपखाली दिसलेलं तिथल्या तिथे पेन्सिलीने काढा, मॅग्निफिकेशन लिहा, आणि त्याच दिवशी सरांची सही घ्या.