स्ट्रिंगच्या, म्हणजे प्रोग्राममधल्या मजकुराच्या, मधली काही अक्षरं बदलायची आहेत?

अरे, इथे रिप्लेस वापरू नकोस. पायथन भाषेतलं रिप्लेस जागा बघत नाही, मजकूर शोधतं आणि सापडेल तिथे सगळीकडे बदलतं. तुला ठरावीक जागेवरचीच अक्षरं हवीत ना? मग तुकडे कर.

समजा ‘४५६७८९१२’ मधले ६७८ झाकायचेत. मोजणी ० पासून, म्हणजे सुरुवात २, शेवट ५. शेवटच्या जागेवरचं (५ वरचं) अक्षर धरायचं नाही. २ च्या आधीचं ‘४५’, मग ‘*’, मग ५ पासून पुढचं ‘९१२’. जोडलं की झालं. पायथन, जावा, जावास्क्रिप्टमध्ये मूळ स्ट्रिंग बदलत नाही, त्यामुळे उत्तर व्हेरिएबलमध्ये (मूल्य साठवायच्या नावात) परत ठेव. हे विसरून मी एकदा अख्खी दुपार घालवली आहे!

काही ठिकाणी रिप्लेस जागेवरूनही चालतं: जावाच्या स्ट्रिंगबिल्डरच्या (बदलता येणाऱ्या स्ट्रिंगच्या) रिप्लेसला सुरुवात आणि शेवट द्यायचा, सी++ च्या रिप्लेसला मात्र सुरुवात आणि किती अक्षरं ते. इथे हमखास गोंधळ होतो.

एकाच स्ट्रिंगमध्ये अनेक जागा बदलायच्या असतील तर शेवटाकडून सुरू कर, नाहीतर लांबी बदलली की पुढचे सगळे इंडेक्स (जागांचे क्रमांक) सरकतात.

आणि मराठी मजकूर असेल तर जपून. ‘नमस्ते’ची लांबी पायथन ६ सांगतो, कारण हलन्त आणि मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. चुकीच्या जागी कापलंस तर मात्रा लोंबकळत राहते.