शेवटच्या दोन ओळी

“घरात काही कमी नाही, कामही बरे चालले आहे, आणि तरी मी रात्री जागून ‘या सगळ्याला अर्थ काय’ अशा कविता लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे ना, मॅडम?” सत्तेचाळीस वर्षांच्या एका वास्तुरचनाकाराने समुपदेशनाच्या पहिल्याच भेटीत मला हे विचारले. त्यांची वही पत्नीच्या हाती लागली होती आणि ती घाबरून गेली होती. (हा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.)

वही उघडण्याआधी मी झोप, भूक आणि कामातला रस यांविषयी विचारले, आणि जगणे नकोसे वाटते का, हेही आडपडदा न ठेवता विचारले. उदासी दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ जवळजवळ रोजची झाली असेल, किंवा मरणाचे विचार येत असतील, तर कविता बाजूला ठेवून आधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे लागते. या बाबतीत मी तडजोड करत नाही. त्यांच्या बाबतीत तसे काही नव्हते.

ज्यांच्या लेखनातून ‘मिडलाइफ क्रायसिस’ (मध्यवयातली घालमेल) हा शब्दप्रयोग रूढ झाला, त्या मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांनी १९६५ साली कलावंतांच्या आयुष्यांचाच अभ्यास मांडला होता, आणि इटालियन कवी दान्तेच्या महाकाव्याच्या आरंभी येणारे, आयुष्याच्या मध्यावर वाट हरवून गर्द रानात सापडलेल्या माणसाचे चित्र त्यांनी याच अवस्थेचे वर्णन म्हणून वाचले होते. हे सांगितल्यावर त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैलावला.

मग मी वही वाचली. प्रत्येक कविता शेवटच्या दोन ओळींत एकदम धीर देऊ लागे: चालत राहा, उजाडेल, वगैरे. एका पानावरच्या त्या दोन ओळी मी तळहाताने झाकल्या आणि वरचा भाग त्यांना मोठ्याने वाचायला सांगितला. “मी आखलेल्या घरांत / कोण राहते, मला ठाऊक नाही,” एवढे वाचून ते थांबले आणि बराच वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिले.

मानसतज्ज्ञ एरिक एरिक्सन यांनी मध्यवयाचा पेच सांगितला तो असाच आहे: आपण घडवले ते आपल्यापलीकडे कोणाच्या उपयोगी पडते आहे, की आपण नुसते साचून राहिलो आहोत? या गृहस्थांचा खरा प्रश्न दोन ओळींच्या दिलाशाखाली दबलेला होता. कवितेने लगेच उत्तर द्यावे, ही घाई मला मध्यवयात फार दिसते, आणि मला वाटते की तीच अनेकांना स्वतःच्या प्रश्नापर्यंत पोहोचू देत नाही.

मी त्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, शेवट न करता लिहायला सांगितले. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ मधला प्रयोगही असाच चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहिण्याचा होता. त्यात मनातले क्लेश लिहिणाऱ्यांना लिहून झाल्याबरोबर अधिकच खिन्न वाटले होते, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांचे आजारपणासाठी दवाखान्यात जाणे इतरांपेक्षा कमी राहिले. त्यामुळे पहिले दोन दिवस जड जातील, हे मी त्यांना आणि त्यांच्या पत्नीलाही आधीच सांगून ठेवले.

पुढच्या भेटीआधी ते स्वतःहून, वीस वर्षांपूर्वी आखलेल्या एका घरी परवानगी घेऊन जाऊन आले होते. ज्या खिडकीसाठी त्यांनी त्या काळी मालकाशी वाद घातला होता, तिच्यासमोर आता एक मोठे कपाट उभे होते. “त्यांना उजेडापेक्षा सामान ठेवायला जागा हवी होती,” ते म्हणाले, “आणि तेवढे विचारायचे माझ्या तेव्हा मनातही आले नाही.” त्या कपाटावर त्यांनी नवी कविता लिहिली होती. ती कपाटाच्या फटीतून जमिनीवर पडलेल्या उजेडाच्या बारीक रेघेपाशी थांबते, आणि तिच्याखालचे पान त्यांनी कोरे ठेवले आहे.