फाईल उघडण्याआधी घरचं विचार

चि. पोरीस,

तुझं पत्र मिळालं. पेशंटच्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएत, ४०-५० लाख फरक निघाले, गाळून गाळून चार उरले, त्यांतले तीन 'अर्थ अनिश्चित', म्हणजे आजाराचं कारण आहेत की नाहीत ते कळत नाही. आता डॉक्टरांना सांगू काय, म्हणतेस. त्या चौघांवर पानभर लिहिलंस. पेशंटवर एक ओळ: मुलगी, वय आठ, झटके येतात, खानापूर (बेळगाव). एवढ्यावर मी काय सांगणार?

फाईल उघडण्याआधी घरचं विचार. पहिला झटका कितव्या महिन्यात आला? तापात आला का? तुझ्या यादीत एससीएन१ए या जनुकातला फरक आहे. वर्षाच्या आत, तापात सुरू झालेले लांबलचक झटके असतील तर तो फरक वजनदार ठरतो आणि कार्बामॅझेपिन या झटक्यांवरच्याच औषधाने झटके वाढू शकतात. आईबापांत नसून मुलीत नव्यानेच आला असेल, तर आणखी वजनदार. दोघांचं रक्त घेतलंय का? पत्रात तरी दिसत नाही.

दुसरं जनुक पीओएलजी. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर व्हॅल्प्रोएट या झटक्यांवरच्या दुसऱ्या औषधाने लिव्हर जाऊ शकतं, जीवही. आईबाप नात्यातले असले की दोघांकडून तीच बिघडलेली प्रत येण्याची शक्यता वाढते. म्हणून नात्यातलं लग्न आहे का, हे आधी हवं. फॉर्मवरचा तो रकाना कोरा होता आणि तू 'नाही' धरलंस! अगं, आपल्या भागात मामाची मुलगी करणं ही मुद्दाम सांगायची गोष्टच नाही. काही घरांत तर भाचीसुद्धा करतात. मराठीत विचार, कन्नडमध्ये विचार, आजीला विचार. आजीला सगळी सोयरीक पाठ असते.

आणि गाळताना 'दुर्मिळ' तेवढे फरक ठेवतात, पण दुर्मिळ म्हणजे कुणात दुर्मिळ? एमवायबीपीसी३ या हृदयाच्या जनुकात डीएनएची २५ अक्षरं गळालेला प्रकार दक्षिण आशियात शंभरात सुमारे चौघांत सापडतो. युरोपच्या आकड्यांनी गाळलंस तर तो दुर्मिळच दिसेल. जीनोमइंडिया या भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या प्रकल्पाच्या १०,००० जणांचा डेटा २०२५ पासून संशोधकांसाठी खुला झालाय. अर्ज कर.

मला हेकट म्हणतात, ठाऊक आहे. एका लॅबमध्ये घरी फोन झाल्याशिवाय मी रिपोर्टवर सही करत नसे. उशीर होतो म्हणून लॅबवाल्यांनी सहीचं काम दुसऱ्याकडे दिलं. अजूनही मी तसंच करीन. सलतं एवढंच, की पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहिता तेव्हा येत असतं तर फिल्टरचं काम रातोरात उरकून फोनला दिवस मोकळा ठेवला असता, आणि त्यांना बोलायला जागा उरली नसती. तुला ते येतं. मग फोनचा कंटाळा कसला?

डॉक्टरांना आजच कळव: यादीत ही दोन जनुकं आहेत, खात्री अजून नाही, सध्या कोणतं औषध चालू आहे ते सांगा. औषध परस्पर बंद करू नका, हे घरच्यांनाही बजाव. मग खानापूर गाठ, तिघांचे नमुने आण, झटक्यांचा इतिहास लिहून आण. तोवर ती व्हीसीएफ, फरकांच्या यादीची फाईल, मला पाठवू नकोस, मी उघडणार नाही.